तत्त्व मान्य, दाद नामंजूर

मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ च्या कलम ३१४ मध्ये आयुक्तांना एक अधिकार दिलेला आहे. रस्त्यावर किंवा पदपथावर बेकायदा उभारलेले बांधकाम ते ‘सूचना न देता’ हटवू शकतात. जुलै १९८१ मध्ये तत्कालीन मुख्यमंत्र्यांनी मुंबईतल्या पदपथवासीयांना हटवण्याची घोषणा केली, तेव्हा ऐन पावसाळा होता. प्रकरण सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठापुढे गेले आणि १० जुलै १९८५ रोजी निकाल लागला. ओल्गा टेलिस खटला म्हणून तो सर्वांना ठाऊक आहे.

या निकालात दोन मोठ्या गोष्टी झाल्या. उपजीविकेचा हक्क घटनेच्या अनुच्छेद २१ मधल्या जीविताच्या हक्कात येतो, असे न्यायालयाने म्हटले. दुसरी गोष्ट अर्थ लावण्याची होती. ‘सूचना न देता हटवू शकतील’ हे आयुक्तांना दिलेले स्वातंत्र्य आहे, सूचना देऊच नका असा हुकूम नव्हे. म्हणून सूचना द्यायची हाच नेहमीचा मार्ग आणि ती टाळणे हा अपवाद, असे न्यायालयाने ठरवले. कलमाचा एक शब्दही न बदलता त्याचा अर्थ जवळजवळ उलटला. हे काम नैसर्गिक न्यायाच्या तत्त्वाने केले: दुसरी बाजू ऐकल्याशिवाय निर्णय नाही.

आणि मग आदेशाचा भाग. न्यायालयाने म्हटले, एरवी आम्ही आयुक्तांना सुनावणी घ्यायला सांगितले असते. पण त्यांनी नाकारलेली संधी याचिकाकर्त्यांना आमच्यापुढे भरपूर मिळाली आहे, असे न्यायालय म्हणाले. झोपड्या ३१ ऑक्टोबर १९८५ पर्यंत, म्हणजे पावसाळा संपून महिना होईपर्यंत, हटवू नयेत एवढा दिलासा मिळाला. १९७६ च्या झोपडीवासीयांच्या गणनेचे ओळखपत्र असलेल्यांना मुंबईतल्याच मालवणीला किंवा दुसऱ्या सोयीच्या ठिकाणी जागा द्यावी असेही सांगितले, पण ती हटवण्याआधीची अट नव्हती.

आपल्या न्यायव्यवस्थेत तत्त्वांचे काय होते याचा हा नमुना आहे. तत्त्व शोधणे, त्याला घटनेत जागा दाखवणे आणि त्यावर उत्तम परिच्छेद लिहिणे, या कामांत आपली न्यायालये जगातल्या कुठल्याही न्यायालयाला हार जाणार नाहीत. अडते ते शेवटच्या पानावर. निकालपत्रात सांगितलेले तत्त्व ज्या माणसाच्या खटल्यात सांगितले, त्याच्या आदेशापर्यंत ते पोहोचले पाहिजे. पोहोचत नसेल तर का नाही, हे न्यायालयाने त्याच निकालपत्रात लिहिले पाहिजे. माझे म्हणणे इतकेच आहे. पण त्याआधी तत्त्व म्हणजे काय आणि ते निर्णयात शिरते कुठून, हे नीट पाहावे लागेल, कारण घोटाळ्याची सुरुवात तिथेच होते.

नियम लागू होतो किंवा होत नाही. अपिलाची मुदत नव्वद दिवस असेल तर एक्याण्णवाव्या दिवशी आलेले अपील मुदतबाह्य, मग विलंब माफ करण्याची तरतूद आहे का एवढेच पाहायचे. तत्त्व असे वागत नाही. ‘स्वतःच्या गुन्ह्याचा फायदा कुणाला घेता येणार नाही’ हे तत्त्व एका प्रकरणात निर्णायक ठरेल, दुसऱ्यात दुसऱ्या तत्त्वापुढे माघार घेईल, आणि माघार घेतली म्हणून रद्द होणार नाही. नियम मोजता येतो, तत्त्वाला वजन असते. या दोहोंपेक्षा वेगळी तिसरी गोष्ट म्हणजे भाषेचे संकेत. ‘गाय, म्हैस, शेळी व इतर प्राणी’ असे कलमात लिहिले असेल तर ‘इतर’ मध्ये पाळीव जनावरेच धरायची, वाघ नाही. हा वाचनाचा संकेत आहे, न्यायाचे तत्त्व नव्हे. अनेक युक्तिवादांत आणि काही निकालांतही भाषेचा संकेत आणि न्यायाचे तत्त्व एकाच दमात उच्चारले जातात. मग नेमक्या कशाच्या जोरावर निर्णय झाला हे कळत नाही.

तत्त्वाचा प्रवास पाहायचा तर मुंबई इलाख्यातलेच उदाहरण आहे. १८२७ च्या मुंबईच्या चौथ्या विनियमाच्या कलम २६ ने न्यायाधीशांना क्रम आखून दिला होता. आधी कायदे आणि विनियम, ते नसतील तर देशरिवाज, तोही नसेल तर प्रतिवादीचा कायदा, आणि यातले काहीच नसेल तर केवळ न्याय, समन्याय (म्हणजे रास्तपणा, इंग्रजीतली ‘इक्विटी’) व सदसद्विवेक. जवळपास शंभर वर्षांनी, १९२४ मध्ये, केंचवा विरुद्ध गिरिमल्लप्पा या अपिलात प्रिव्ही कौन्सिलपुढे, म्हणजे तेव्हाच्या लंडनमधल्या सर्वोच्च अपील न्यायालयापुढे, प्रश्न आला की खून करणाऱ्याला खून झालेल्या माणसाचा वारसा मिळेल का. हिंदू कायद्यात त्याला वगळणारा नियम नाही असे धरले तरी न्याय, समन्याय व सदसद्विवेकाच्या तत्त्वाने तो वगळला जातो, असा निर्णय झाला. वारसा ठरवताना खुनी अस्तित्वातच नाही असे समजायचे, म्हणजे त्याच्यामार्फत हक्क सांगणारेही बाद. पुढे १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार अधिनियमात हेच कलम २५ आणि २७ म्हणून लिहिले गेले. आज कुणा दिवाणी न्यायाधीशाला यासाठी तत्त्वाकडे जावे लागत नाही.

या उदाहरणात मोलाचे आहे ते हे, की न्यायालयाने तत्त्वाकडे जाण्याआधी पायऱ्या मोजल्या. कायदा आहे का? नाही. रूढी आहे का? नाही. मगच तत्त्व. आणि तत्त्व आल्यावर ते थेट आदेशात उतरले: खुन्याला काही मिळाले नाही. १८२७ च्या विनियमाला वसाहतीचा वास आहे हे खरे. सदसद्विवेक म्हणजे बहुधा इंग्लिश कायदाच, असे प्रिव्ही कौन्सिलने १८८७ मध्ये सांगून टाकले होते, फक्त तो इथल्या समाजाला आणि परिस्थितीला लागू पडत असला पाहिजे. तरीही पायऱ्या मोजण्याची ती शिस्त आजच्या कित्येक निकालांत दिसत नाही, आणि ती हवी होती असे वाटत राहते.

तत्त्व लिखित मजकुरातून येते की मजकुराच्या आधीपासून असते, हा वाद पुस्तकी वाटतो. तो पुस्तकी नाही. २८ एप्रिल १९७६ रोजी जबलपूर खटल्यात चार न्यायमूर्तींनी ठरवले, की अनुच्छेद २१ च्या अंमलबजावणीसाठी न्यायालयात जाण्याचा हक्क आणीबाणीत स्थगित झाल्यावर स्थानबद्ध माणसाला दाद मागण्याची जागाच उरत नाही. न्यायमूर्ती हंसराज खन्ना एकटे वेगळे पडले. अनुच्छेद २१ नसता तरी कायद्याच्या आधाराशिवाय कुणाचा जीव किंवा स्वातंत्र्य हिरावण्याचा अधिकार राज्याला नाही. हे तत्त्व घटनेने निर्माण केलेले नाही, घटनेच्या आधीपासून आहे, असे त्यांनी लिहिले. जानेवारी १९७७ मध्ये सरन्यायाधीशपदासाठी त्यांची ज्येष्ठता डावलली गेली आणि त्यांनी राजीनामा दिला. बहुमताचा तो निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये गोपनीयतेच्या खटल्यात स्पष्ट शब्दांत मोडीत काढला. तत्त्व केवळ कलमाची सावली आहे असे मानले, तर कलम झाकल्यावर सावलीही जाते. त्याचा परिणाम तुरुंगातल्या माणसांनी भोगला.

पण याचा अर्थ न्यायाधीशाने मजकूर बाजूला सारून तत्त्व आणावे असा नव्हे. १९६९ च्या क्रैपाक खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सीमा नेमकी आखली: नैसर्गिक न्यायाची तत्त्वे कायद्याची जागा घेत नाहीत, त्याला पूरक ठरतात. भारतीय वनसेवेसाठी जम्मू-काश्मीरमधून निवड करायची होती. निवडमंडळाचा एक सदस्य स्वतःच उमेदवार होता. त्याच्या नावाचा विचार चालू असताना तो बाहेर बसला, पण प्रतिस्पर्ध्यांच्या नावांवर चर्चा झाली तेव्हा आत होता. नियमांनी ठरवलेले मंडळ, नियमांनुसार झालेली बैठक; कागदावर चूक सापडत नव्हती. पण कुणीही स्वतःच्या प्रकरणात न्यायाधीश असू शकत नाही, आणि मजकूर या प्रश्नावर गप्प होता, त्यामुळे तत्त्वाला जागा होती. न्यायालयाने निवड रद्द केली.

मजकूर गप्प आहे, मोघम आहे, की स्पष्ट आहे, हे आधी ठरवायला हवे. गप्प असेल तर तत्त्व पोकळी भरते. मोघम असेल तर दोन अर्थांतला एक निवडते. स्पष्ट असेल तर मात्र एकच वाट राहते, त्या कलमाची घटनात्मक वैधता तपासण्याची. स्पष्ट कलमाला ‘उदार अर्थ’ लावून वळवणे हा आडमार्ग आहे. त्यात कलमही टिकते आणि कलमाचा भंगही होतो. पुढच्या खटल्यातल्या न्यायाधीशाला कशाला धरून चालायचे ते समजत नाही.

सगळ्यात अवघड काम वजन करण्याचे. दोन तत्त्वे समोरासमोर आली की काय होते ते फौजदारी कायद्यात चांगले दिसते. १९५४ चा तोलाराम रेलुमल खटला पागडीचा होता. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याच्या कलम १८ (१) ने भाडेपट्टा देण्यासाठी, त्याचे नूतनीकरण करण्यासाठी किंवा तो चालू ठेवण्यासाठी पागडी घेणे गुन्हा ठरवले होते. पण इमारत अजून बांधून व्हायची होती. पैसे घेतले ते पुढे पट्टा देण्याच्या कराराबद्दल. सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, दंडात्मक कलमाचे दोन अर्थ शक्य असतील तर आरोपीच्या बाजूचा घ्यायचा. पट्ट्याचा करार म्हणजे पट्टा नव्हे. आरोपी सुटला. आता १९७६ चा मुरलीधर लोया खटला पाहा. खुरासनीच्या तेलात शेंगदाण्याचे तेल मिसळल्याचे प्रकरण, अन्नभेसळ प्रतिबंधक कायद्याखाली. इथे न्यायालयाने सामान्य माणसाचे आरोग्य हा कायद्याचा हेतू धरला आणि पळवाट मोठी करणारा अर्थ साफ नाकारला.

दंडात्मक कायदा काटेकोर वाचा हे तत्त्व, आणि ज्या अनिष्टासाठी कायदा केला ते अनिष्ट दाबणारा अर्थ घ्या हेही तत्त्व. दुसऱ्याचे मूळ १५८४ च्या इंग्लिश हेडन खटल्यात आहे आणि आपल्याकडे ते १९५५ च्या बंगाल इम्युनिटी खटल्यापासून पक्के झाले. पागडीच्या प्रकरणात पहिले जड झाले, तेलाच्या प्रकरणात दुसरे. दोन्ही निकालांत मला विसंगती दिसत नाही. पहिल्यात कलमाचा शब्दच आरोपीच्या कृत्यापर्यंत पोहोचत नव्हता. ती त्रुटी भरून काढली असती तर न्यायालयाने नवा गुन्हा निर्माण केला असता. दुसऱ्यात शब्द पोहोचत होता आणि वाद त्याला आखूड करण्याचा होता. हा फरक नोंदवला की वजन का बदलले ते उमगते. नोंदवला नाही तर दोन्ही निकाल वकिलाच्या पोतडीत शेजारीशेजारी पडून राहतात आणि ज्याला जो सोयीचा तो तो बाहेर काढतो. करकायद्यात हेच झाले होते. करसवलतीची अधिसूचना मोघम असेल तर फायदा कुणाला, यावर निकाल दोन्ही दिशांना जात होते. जुलै २०१८ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या पीठाने दिलीपकुमार कंपनीच्या खटल्यात निवाडा केला: कर बसवणारे कलम मोघम असेल तर फायदा करदात्याला, सवलत देणारी अधिसूचना मोघम असेल तर फायदा सरकारला. हे कुणाला पटो वा न पटो, निदान कोणते तत्त्व कुठे जड हे लिहिलेले आहे.

वजन करण्याची सगळ्यात आखीव पद्धत म्हणजे प्रमाणशीरतेची कसोटी. हक्कावर बंधन घालणाऱ्या उपायाचा हेतू वैध आहे का, उपायाचा त्या हेतूशी तर्कसंगत संबंध आहे का, कमी जाचाचा तितकाच परिणामकारक मार्ग उपलब्ध होता का, आणि शेवटी मिळणारा लाभ हक्काच्या हानीच्या तुलनेत पुरेसा आहे का. २०१६ पासून ही चौपदरी कसोटी आपल्याकडे रुळली. तिची ताकद तिसऱ्या पायरीत आहे, कारण तिथे सरकारला पुरावा द्यावा लागतो. ६ एप्रिल २०१८ च्या परिपत्रकाने रिझर्व्ह बँकेने बँकांना आभासी चलनाचे व्यवहार करणाऱ्यांना सेवा देण्यास मनाई केली होती. ४ मार्च २०२० रोजी न्यायालयाने बँकेचा अधिकार मान्य केला आणि परिपत्रक मात्र रद्द केले. बँकेच्या नियंत्रणाखालील संस्थांचे या व्यवहारांमुळे काही नुकसान झाल्याचे बँकेला दाखवता आले नव्हते. तत्त्व, पुरावा, आदेश. तिन्ही एका रेषेत.

त्याच वर्षी १० जानेवारीला त्याच न्यायालयाने काश्मीरमधल्या इंटरनेटबंदीवर निकाल दिला होता. अनिश्चित काळाची बंदी चालणार नाही, बंदीचे आदेश प्रसिद्ध केले पाहिजेत, ते प्रमाणशीर असले पाहिजेत, त्यांचा ठरावीक काळाने फेरविचार व्हायला हवा. एकेक वाक्य सोन्याचे. पण सेवा सुरू करा असा आदेश नाही. फेरविचार प्रशासनाने करावा. मे २०२० मध्ये फोर-जी सेवेचा प्रश्न आला तेव्हा तो एका विशेष समितीकडे सोपवला गेला, आणि त्या समितीत अधिकारीच होते. फोर-जी परत आले फेब्रुवारी २०२१ मध्ये. कसोटीच्या चार पायऱ्या सांगितल्या गेल्या; त्या खटल्यापुरत्या त्या चढल्या गेल्या नाहीत.

इथे एक गंभीर आक्षेप येतो आणि तो टाळून चालणार नाही. तत्त्व सांगून दाद न देणारे निकाल पुढे फार मोठे ठरले आहेत. मनेका गांधी खटल्याचेच घ्या. जुलै १९७७ मध्ये सरकारने ‘सार्वजनिक हितासाठी’ त्यांचे पारपत्र (पासपोर्ट) जप्त केले आणि कारणे सांगायला नकार दिला. २५ जानेवारी १९७८ रोजी सात न्यायमूर्तींच्या पीठाने अनुच्छेद २१ मधली कार्यपद्धती न्याय्य, रास्त आणि वाजवी असलीच पाहिजे असे ठरवले. पण सरकार आता सुनावणी द्यायला तयार आहे असे महान्यायवादींनी, म्हणजे सरकारच्या सर्वोच्च वकिलांनी, सांगितल्यामुळे जप्तीचा आदेश रद्द झाला नाही. पारपत्र न्यायालयाच्या प्रबंधकांच्या ताब्यातच राहिले. तरीही पुढच्याच वर्षी बिहारच्या तुरुंगांत खितपत पडलेल्या कच्च्या कैद्यांच्या प्रकरणात याच तत्त्वावर जलद खटल्याचा हक्क उभा राहिला. मग तक्रार कसली? तत्त्व पेरले, पीक नंतर आले.

तक्रार अशी की या व्यवहारात खर्च एकाचा आणि पीक दुसऱ्याचे असते. शिवाय प्रशासन निकालपत्राचे दोनशे परिच्छेद वाचत नाही, शेवटचा आदेश वाचते. सूचना न देता कारवाई केली आणि न्यायालयाने ‘आमच्यापुढे सुनावणी झालीच’ म्हणून ती चालू दिली, तर पुढच्या अधिकाऱ्याला मिळणारा धडा हा की सूचना देणे ऐच्छिक आहे. ओल्गा टेलिसमध्ये न्यायालयापुढे झाली ती शेकडो कुटुंबांच्या वतीने तत्त्वावरची सुनावणी. अमुक झोपडी खरेच रहदारीला आड येते का, अमुक कुटुंबाकडे १९७६ चे ओळखपत्र आहे का, हे प्रश्न दिल्लीत सुटणारे नव्हतेच. ते प्रभागातल्या अधिकाऱ्यापुढे, एकेका झोपडीसमोर सुटतात. सूचनेचे तत्त्व त्यासाठीच असते.

तत्त्वभंग झाला की सगळे रद्द करा, असेही नाही. मधला मार्ग न्यायालयानेच १९९३ मध्ये ईसीआयएल या सरकारी कंपनीच्या खटल्यात घालून दिला आहे. विभागीय चौकशीचा अहवाल कर्मचाऱ्याला न देता शिक्षा केली असेल, तर शिक्षा यांत्रिकपणे रद्द करायची नाही. आधी अहवाल द्यायचा, तो न मिळाल्याने आपले काय बिघडले हे त्याला सांगू द्यायचे, आणि फरक पडला असता असे दिसले तरच शिक्षा रद्द करून त्या टप्प्यापासून चौकशी पुन्हा चालवायची. ऑक्टोबर २०२० च्या सुधीरकुमार सिंग निकालाने त्यात एक महत्त्वाचा खुंटा ठोकला: नुकसान झाले नाही असा निष्कर्ष न्यायालयाने वादातीत वस्तुस्थितीवरून काढायचा आहे, ज्याने सुनावणी नाकारली त्या अधिकाऱ्याने नव्हे. दाद कमी-जास्त करता येते, फक्त का ते दाखवावे लागते.

म्हणून निकालपत्र वाचताना एक साधी परीक्षा करावी. तत्त्वाचा परिच्छेद झाकायचा आणि आदेश पुन्हा वाचायचा. आदेश तसाच उभा राहत असेल, तर ते तत्त्व त्या निकालाचा आधार नव्हते. ते ओघात व्यक्त झालेले मत होते. पुढच्या खटल्यात प्रतिपक्षाचा वकील नेमके हेच म्हणणार, आणि तो चुकीचा नसेल. अनुच्छेद १४१ खाली बंधनकारक असतो तो निर्णयाचा आधार, निकालपत्रातले प्रत्येक सुंदर वाक्य नव्हे. वकिलांचाही यात वाटा आहे. याचिकेत पन्नास पाने तत्त्वांवर आणि मागणीच्या परिच्छेदात ‘न्यायालयास योग्य वाटेल तो आदेश’ असे लिहिले, तर न्यायालयाला योग्य वाटेल तोच आदेश मिळतो. तत्त्वभंगाबद्दल नेमके काय हवे, म्हणजे आदेश रद्द की स्थगित, किती दिवसांत सुनावणी, कोणत्या अधिकाऱ्यापुढे, भरपाई किती, हे मागणीत आकड्यांसह आले पाहिजे.

आकड्यांचे महत्त्व दाखवणारा ताजा निकाल १३ नोव्हेंबर २०२४ चा आहे. बुलडोझर कारवायांबाबत सर्वोच्च न्यायालयाने देशभरासाठी निर्देश दिले: पाडकामाआधी किमान पंधरा दिवसांची सूचना, ती नोंदणीकृत टपालाने आणि बांधकामावरही चिकटवलेली, प्रत्यक्ष सुनावणी, कारणांसह आदेश, पाडकामाचे चित्रीकरण, आणि निर्देश मोडल्यास अधिकाऱ्याने स्वतःच्या खिशातून भरपाई. सूचनेचे तत्त्व एकोणचाळीस वर्षांनी पंधरा दिवसांच्या आकड्यात आणि अधिकाऱ्याच्या खिशात उतरले.

पण याच निर्देशांना एक अपवाद आहे. रस्ता, पदपथ, रेल्वेमार्गालगतची जागा, नदी किंवा जलाशय अशा सार्वजनिक ठिकाणच्या अनधिकृत बांधकामांना ते लागू नाहीत. ज्यांच्या खटल्यात सूचनेचे तत्त्व घटनापीठाने मान्य केले होते, ते पदपथावरचेच लोक होते. त्यांच्यासाठी कलम ३१४ चा १९८५ चा अर्थ आजही कायदा म्हणून उभा आहे: सूचना हा नेहमीचा मार्ग, ती टाळणे हा अपवाद. मात्र किती दिवसांची सूचना, कुणापुढे सुनावणी आणि ती न दिल्यास कुणाच्या खिशातून भरपाई, हे त्यांच्याबाबतीत या निर्देशांत लिहिलेले नाही. पदपथावरचे पुढचे प्रकरण ज्या पीठापुढे येईल, त्याने सुरुवात या तीन रिकाम्या जागांपासून करावी.